माझा नंबर माझ्याच मागे

रांग या विषयात मला कुणी शिकवू नये! मी मूळचा कराडचा. रॉकेलच्या रांगेत वाढलो, गॅसच्या रांगेत मिसरूड फुटली, आणि फॉर्मच्या रांगांमधून धक्के खात खात इंजिनियर झालो. त्यामुळे कारिदादशी लग्न करून स्पेनच्या या किनाऱ्यावरच्या गावात आलो, तेव्हा इथल्या मंडईतली रांग बघून मला हसूच आलं. कारण रांग नव्हतीच!

माणसं नुसती विखुरलेली. एक खांबाला टेकलेला, एक ऑलिव्हवाल्याशी गप्पा मारतोय, दोघी बाहेर उन्हात उभ्या. नवा माणूस येतो आणि मोठ्याने विचारतो, "शेवटचं कोण?" कुठूनतरी एक बोट वर होतं, "मी!" झालं. आता तुम्ही त्या बोटाच्या मागे. नंतर येणारा विचारेल तेव्हा बोट तुमचं. मग उभे कुठेही राहा. रांग जमिनीवर नसतेच, ती लोकांच्या डोक्यात असते. आणि मजा म्हणजे कुणी कधी पुढे घुसत नाही. घुसलाच, तर त्याच्या नातवंडांच्या लग्नातसुद्धा तो विषय निघतो.

नगरपालिकेने मध्यंतरी नंबराच्या चिठ्ठ्यांचं एक लाल यंत्र बसवलं होतं. "आम्ही काय आजारी आहोत का चिठ्ठ्या काढायला?" असं म्हणून गावाने त्याच्याकडे पाठ फिरवली. खिनेस मासेवाला आता त्यावर आपला ओला एप्रन वाळत घालतो.

तर ही डोक्यातली रांग मी इतक्या वर्षांत अगदी कोळून प्यायलो होतो. निदान मला तसं वाटत होतं.

आता सासूबाईंविषयी सांगायला हवं. त्यांचं नाव फुएन्सांता. बाई तशी सोन्यासारखी, पण त्यांनी आजवर माझं नाव एकदाही घेतलं नव्हतं. माधव! तीन अक्षरं! त्यात जीभ अडकण्यासारखं काय आहे? पण नाही. त्यांच्या तोंडी मी कायम 'इंडियावाला'. "कारिदाद, तुझ्या इंडियावाल्याला भात वाढ." मी समोरच बसलेलो असायचो! आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, पण निदान उखाण्यात तरी घ्यायच्या. इथे सासू जावयाचं नाव घेत नव्हती आणि उखाण्याचीही सोय नव्हती. मी हसण्यावारी न्यायचो, पण मनाला लागायचं, खोटं कशाला सांगू?

बरं, मी काही रिकामटेकडा नाही. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातली यंत्रं मी सांभाळतो. म्हणजे मंडईत माशाखाली जो बर्फ असतो, तो माझा! पण त्या बर्फावरचा मासा आणायला सासूबाईंनी मला कधी पाठवलं नव्हतं.

जुलैत इथे कार्मेन मातेचा सण असतो. त्या दिवशी बोटी देवीला घेऊन समुद्रात जातात, जाळी टाकायला नाही. म्हणून सणाचा मासा आदल्या दिवशीच आणावा लागतो. सणाला सासूबाईंच्या घरी काल्देरो शिजतो, म्हणजे माशाच्या रश्श्यात लोखंडी पातेल्यात शिजवलेला भात. त्या दिवशी झाडून सगळं खानदान जेवायला. आणि यंदा नेमक्या सासूबाई कुंड्यांना पाणी घालताना स्टुलावरून घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये! कारिदादला दवाखान्यात ड्युटीवर जायचं होतं. मेहुणा होडी सजवण्यात गुंतलेला. उरलो मी.

"लाल काटेरी मासा हवा," सासूबाई कारिदादला म्हणाल्या. "त्याच्याशिवाय रश्श्याला चव नाही. आणि एक मोठी बोय मासळी. डोळे चमकणारे बघून घे म्हणावं त्याला."

"आई, तो इथेच उभा आहे."

"हो का? मग ऐकलं असेल."

"आणि आणला नीट, तर त्याला नावाने हाक मारशील?" कारिदादने हळूच खडा टाकला.

सासूबाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "आधी मासा येऊ दे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी आपली चौकड्यांची, दोन चाकांची बाजाराची ट्रॉली माझ्याकडे सरकवली. ती ट्रॉली! कारिदादलासुद्धा त्यांनी तिला कधी हात लावू दिला नव्हता. मी निघालो तो छाती काढूनच.

मंडईत शिरताच मी अस्सल इथल्या सुरात, शेवटची अक्षरं गिळत विचारलं, "शेवटचं कोण?"

हिरव्या झग्यातल्या विसिताबाईंनी बोट वर केलं. "मी!"

जरा वेळाने टोपीवाले लेआंद्रो आजोबा आले. "शेवटचं कोण?"

"मी!" माझं बोट! आजोबांनी मान डोलावली. मी विसिताबाईंच्या मागे, आजोबा माझ्या मागे. सगळं कसं छान. पुढे बरीच माणसं होती. मग मी विचार केला, इथली माणसं रांगेतून उठून जातात, कॉफी पितात, परत येतात. आपण काय परके आहोत? मीही समोरच्या टपरीवर गेलो आणि कॉफी मागवली. तिथे फुटबॉलवर वाद चालू होता. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, म्हणून मी जरा जास्तच बोललो.

परत येऊन बघतो तर हिरवा झगा गायब! टोपी गायब! सगळे नवे चेहरे. गेला नंबर! तेवढ्यात फोन वाजला. कारिदाद. "आई विचारतेय, मिळाला का मासा?"

"मिळाल्यातच जमा!" मी ठोकून दिलं, फोन ठेवला आणि मुकाट्याने पुन्हा विचारलं, "शेवटचं कोण?"

"मी!" एन्कार्नाबाई म्हणाल्या. ही बाई म्हणजे गावची शिस्त. मी त्यांच्या मागे लागलो. माझ्या मागे पंखा हलवत खोसेफा आली. चला, सुटलो! असं मला वाटलं.

यथावकाश विसिताबाई ऑलिव्हच्या पिंपाआडून उगवल्या! त्या कुठेच गेल्या नव्हत्या, नुसत्या वाकून ऑलिव्ह निवडत होत्या. लेआंद्रो आजोबाही सिगारेट संपवून दारातून आत आले. विसिताबाईंनी मासे घेतले आणि इथल्या रिवाजाप्रमाणे गप्पा मारायला तिथेच थांबल्या. बर्फावर आता लाल काटेरी मासा एकच उरला होता.

"पुढचं कोण?" खिनेसने सुरी पुसत विचारलं.

कुणीच हलेना.

"मी नाही," लेआंद्रो आजोबा म्हणाले. "मी या इंडियावाल्याच्या मागे."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. "मी पण नाही," मी नम्रपणे म्हणालो. "मी एन्कार्नाबाईंच्या मागे."

"आणि मी आजोबांच्या मागे," एन्कार्नाबाई म्हणाल्या.

"मग आजोबा, या की पुढे!" खिनेस म्हणाला.

"सांगितलं ना, मी याच्या मागे!"

"आणि हा?"

"माझ्या मागे!" एन्कार्नाबाई कडाडल्या.

खिनेसची सुरी आजोबांवरून माझ्यावर, माझ्यावरून एन्कार्नाबाईंवर आणि पुन्हा आजोबांवर फिरली. "म्हणजे पहिलं कोणीच नाही?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी फिरून स्वतःच्याच मागे लागलो होतो!

"थांबा, थांबा!" मी ओरडलो. "मी आधी विसिताबाईंच्या मागे होतो! म्हणजे आता माझाच नंबर!"

"असं? मग मला कशाला विचारलंस?" एन्कार्नाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "स्वतःच्या तोंडाने माझ्या मागे लागलास ना? जाताना सांगून गेला होतास का कुणाला?"

"कॉफी प्यायला गेलो होतो."

"सांगून गेला होतास का?"

"नाही."

सगळ्या मंडईतून एकच "आऽऽऽ!" निघाला. ऑलिव्हवाल्याने तर कपाळालाच हात लावला. सांगून जायचं असतं, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं!

"त्याचा नंबर गेला," एन्कार्नाबाईंनी निकाल दिला.

"त्याचा गेला तर मी कुणाच्या मागे?" लेआंद्रो आजोबा कळवळले. "माझा नंबर याच्यावर उभा आहे! मी काय आता अधांतरी लटकू?"

"मीपण याच्याच मागे आहे," खोसेफाने पंख्याने मला टोचलं. "मग आजोबा आधी की मी आधी?"

"सगळ्यात वडील माणूस आधी!" विसिताबाईंनी तोडगा काढला.

खोसेफा एकदम छताकडे बघू लागली. एन्कार्नाबाईंना पर्समध्ये काहीतरी शोधायचं आठवलं. लेआंद्रो आजोबांनी पाठ ताठ केली आणि काठी हळूच मागे लपवली.

"मग चिठ्ठ्या काढा!" खिनेसने यंत्रावरचा एप्रन उचलला.

"झाक ते, खिनेस!" सगळे एकदम ओरडले.

"हे बघा," खिनेस वैतागला, "मलाही होडी सजवायची आहे. लवकर ठरवा, नाहीतर हा मासा मी घरी नेतो!"

लाल मासा माझ्याच बर्फावर पडून माझ्याकडे बघत होता. आणि बर्फ वितळत होता. मी मनात म्हटलं, माधवराव, गेला मासा, गेला रस्सा, आणि नावाचं तर आता नावच काढू नका.

या गावात बातमीला पाय लागत नाहीत. कुणीतरी फोन केलाच. थोड्याच वेळात दारातून भाजीची हातगाडी आत आली. गाडीवर खुर्ची, खुर्चीवर सासूबाई, प्लास्टरचा पाय पुढे, आणि मागून ढकलणारा घामाघूम मेहुणा! देवीची मिरवणूक उद्या होती, पण लोक आजच बाजूला झाले.

मला वाटलं, आता माझी जाहीर पूजा होणार. पण सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "शेवटचं कोण?"

"मी," खोसेफा पुटपुटली. "पण..."

"मी तुझ्या मागे. आता बोला, काय झालं?"

सगळे एकदम बोलले. सासूबाईंनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

"पहिल्यांदा हा कुणाच्या मागे लागला?"

"माझ्या," विसिताबाई म्हणाल्या.

"दुसऱ्यांदा?"

"माझ्या!" एन्कार्नाबाई म्हणाल्या.

"म्हणजे दोनदा लागला. मग नंबरही दोन. पहिला माझा. मी पाठवलं होतं त्याला, ट्रॉली कुणाची आहे बघा. दुसरा त्याचा स्वतःचा."

एन्कार्नाबाई बोटांवर मोजू लागल्या. "विसिता, फुएन्सांता, आजोबा, मी, इंडियावाला, खोसेफा..." त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "बसतंय की!"

"बसलं!" आजोबांनी आनंदाने काठी आपटली.

"पण फुएन्सांता," एन्कार्नाबाईंनी शेवटचा प्रयत्न केला, "हा न सांगता गेला होता, त्याचं काय?"

"येडा आहे," सासूबाई म्हणाल्या. "पण आमचा आहे."

भर मंडईत, सगळ्या गावादेखत, 'आमचा'! मी डोळे पुसले आणि माशाच्या वासाने पाणी आल्यासारखं दाखवलं.

सासूबाईंनी लाल मासा घेतला, मोठी बोय घेतली, ट्रॉली मेहुण्याच्या हातात दिली. मीही निघालो.

"तू कुठे?" त्या म्हणाल्या. मला! थेट मला! "खोसेफा तुझ्या मागे आहे. तू गेलास तर ती कुणाच्या मागे?"

मी थांबलो. आजोबांनी सावकाश, एकेक मासा हुंगत खरेदी केली. एन्कार्नाबाईंनी उरलंसुरलं सगळं उचललं.

"पुढचं कोण?" खिनेस ओरडला. "अरे, तुला नाव आहे की नाही काही?"

"माधव."

"मादाऽव!" त्याने मंडईभर पुकारलं. "बोल, काय देऊ?"

"काय आहे?"

"बर्फ."

मी आभार मानून बाजूला झालो. खोसेफा पुढे आली, रिकाम्या बर्फाकडे बघून तिने पंखा मिटला. "मासा नाही तर नाही," ती म्हणाली, "पण रांग रीतसर संपली."

सणाचा काल्देरो अप्रतिम झाला. मी सासूबाईंच्या शेजारी बसलो होतो, कान टवकारून. त्यांनी पातेल्यातून सगळ्यात मोठा तुकडा काढला, माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "कारिदाद, हा तुझ्या इंडियावाल्याला वाढ." कारिदादने माझ्या पाठीवर थोपटलं. मी तुकडा खाल्ला. दुसरं काय करणार?

पुढच्या शनिवारी खिनेसने यंत्रावरचा एप्रन कायमचा काढला. "पुन्हा तसला घोळ नको," तो म्हणाला, आणि आश्चर्य म्हणजे गावानेही ऐकलं. फक्त त्या चिठ्ठीला नाव हवं होतं. 'नंबर' म्हणायला इथल्या लोकांना अजून लाज वाटते. मग जे नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, तेच तिला चिकटलं. आता मंडईत गेलं की कानावर येतं, "मादाव घेतलास का?", "अगं बाई, माझा मादाव हरवला!", "खिनेस, माझा मादाव कधीचा चुरगळतोय हातात!"

सासूबाईंचं प्लास्टर निघालं. आम्ही दोघं आता दर शनिवारी जोडीने मंडईत जातो. ट्रॉली मी ओढतो. दारातून आत शिरल्या शिरल्या त्या कमरेवर हात ठेवतात आणि सगळ्या मंडईला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "ए इंडियावाल्या, मला एक मादाव काढून दे!"

घेतात की नाही माझं नाव? आणि तेही उखाण्याशिवाय!