बायकोच्या एकेचाळीस तक्रारी

चावीवाल्याला आपलं नुकसान कळलं ते एका मंगळवारी, लेकीचा फोन आला तेव्हा.

बायको जाऊन तीन महिने झाले होते. लेक दूरच्या शहरात नोकरीला. ती म्हणाली, "बाबा, आईच्या हातचं काही लिहिलेलं पाठवा ना. वही, चिठ्ठी, काहीही. मला चौकट करून भिंतीवर लावायचंय."

"अगं, ढीगभर आहे!" चावीवाला म्हणाला आणि फोन कानाला लावूनच पलंगाखालचं तिच्या वह्या-चिठ्ठ्यांचं खोकं ओढायला वाकला.

खोकं नव्हतं.

मग त्याला आठवलं. आठ दिवसांपूर्वी त्याला स्वच्छतेचा झटका आला होता. घर खायला उठायचं, म्हणून तो घर आवरायला उठला होता. रद्दीवाल्याच्या हातात ते खोकं त्यानेच उचलून दिलं होतं. वर "वजन नीट कर हो" असा दमही भरला होता!

तो तसाच चपला अडकवून रद्दीच्या दुकानात धावला. रद्दीवाला म्हणाला, "काका, तो माल गेला लगद्याला. आता त्याचे अंड्यांचे ट्रे झाले असतील." त्या दिवसापासून चावीवाला दुकानातल्या अंड्यांच्या ट्रेकडे नातेवाइकासारखा बघायला लागला.

घरात दुसरं काही सापडेना. सामानाची यादी ती डोक्यात ठेवायची. डबे काचेचे, त्यामुळे त्यांवर नावं नाहीत. बँकेच्या पुस्तकात सही होती, पण ती सही म्हणजे कोंबडीने घाईत रस्ता ओलांडावा तशी! एवढी वर्षं जिचं बोलणं ऐकलं, तिची एक ओळ घरात नव्हती.

रात्रीचं जेवता जेवता मात्र त्याचा घास हातातच थांबला. नगरपालिका! ही बाई दर चार-सहा महिन्यांनी नगरपालिकेला पत्र लिहायची. गटार, दिवे, कुत्री, खड्डे, जे दिसेल त्यावर. तिचं सगळं लेखन एका जागी जमा होतं, तेही शिक्क्यानिशी!

त्याने लगेच लेकीला फोन लावला. "आठ दिवसांत तुझ्या हातात देतो! पन्नास वर्षं लोकांची कुलपं उघडतोय मी. तिजोऱ्या उघडल्या. एका न्यायाधीशाचं न्हाणीघर उघडलं, आत न्यायाधीश असताना! नगरपालिकेचं कपाट ते काय!"

"बाबा, तिथे कपाटं नाही, माणसं उघडावी लागतात," लेक म्हणाली.

"बघच तू!"

दुसऱ्या दिवशी तो नगरपालिकेच्या फाटकाशी बसणाऱ्या टायपिस्टकडे गेला. टायपिस्टने कागद चढवला. "काय मागायचंय?"

"बायकोने केलेल्या तक्रारींच्या नकला. बस."

"नुसत्या नकला?" टायपिस्टने चष्म्यावरून बघितलं. "नुसत्या नकला मागणाऱ्याला कोण विचारतंय? अर्जाला जरा धाक पाहिजे. 'आणि प्रत्येक तक्रारीवर काय कार्यवाही केली तेही कळवावे.' टाकू?"

"त्याने काय होतं?"

"धाबं दणाणतं."

"मग टाक!" चावीवाला खूश होऊन म्हणाला.

इथेच तो फसला.

माहितीच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. त्यांनी अर्ज घेतला, तक्रारदाराचं नाव वाचलं, आणि त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं.

"या बाई... स्वतः नाही आल्या?"

"वारली ती. तीन महिने झाले."

मागच्या टेबलांवरचं बोलणं थांबलं. कोपऱ्यातला एक कारकून "अरेरे" म्हणाला, पण त्या अरेरेत दुःख चार आणे आणि सुटका बारा आणे होती. बाईंचे मात्र डोळे खरंच भरून आले. "एकेचाळीस तक्रारी आहेत त्यांच्या," रजिस्टर न उघडताच त्या म्हणाल्या. "आता इतकं नीट कोण लिहितं हो? तीस दिवसांत उत्तर मिळेल. आणि काका, वेळेवर आलात. जुने कागद या महिनाअखेरीला नष्ट व्हायचेत. ज्यावर कोणाचा अर्ज आहे तेवढेच वाचतात."

चावीवाला स्वतःची पाठ थोपटत घरी आला.

इकडे कचेरीत काय झालं, ते त्याला फार नंतर कळलं. रजिस्टरमध्ये एकेचाळीस तक्रारी होत्या आणि त्यांच्यासमोर 'कार्यवाही' नावाचा एक रकाना होता. तो रकाना एकेचाळीस वेळा कोरा होता! धुतल्या परातीसारखा! कोऱ्या रकान्याची नक्कल बाहेर द्यायची म्हणजे आपल्याच हाताने आपलं पितळ उघडं पाडायचं. साहेबांनी सगळ्या विभागांना बोलावलं. "तीस दिवस आहेत ना आपल्याकडे?" ते म्हणाले. "मग करून टाका!"

सहाव्या दिवशी सकाळी चावीवाल्याच्या दारात जाळी घेऊन चार माणसं उभी राहिली.

"कुत्रा कुठाय?"

"कसला कुत्रा?"

"तांबडा. एक कान फाटलेला. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या अंगावर धावून जातो."

"अहो, तो मरून अकरा वर्षं झाली!"

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. "मग इथे सही करा. 'कुत्रा शोधूनही आढळला नाही.'"

चावीवाल्याने सही केली. नववीचा गणिताचा पेपर सोडला, तर इतक्या बिनबुडाच्या कागदावर त्याने आयुष्यात सही केली नव्हती.

आठव्या दिवशी डास मारणारे आले आणि त्यांनी गल्लीत इतका धूर केला, की पोस्टमनने तीन घरांची पत्रं एकाच घरात टाकली. नवव्या दिवशी एक दिवा काढून नेला, कारण तो 'थेट शयनगृहात उजेड पाडतो'. दहाव्या दिवशी त्याच खांबावर दुसरा दिवा बसवला, कारण पुढच्याच वर्षीची तक्रार होती, 'सदर ठिकाणी काळोख असतो'. बाराव्या दिवशी खड्डा बुजवायला ट्रक आला. खड्डा नव्हता. तो कधीच बुजला होता. मुकादम डोकं खाजवून म्हणाला, "काका, कागदावर खड्डा आहे. माल परत नेता येत नाही." आणि त्यांनी सपाट रस्त्यावर खड्डाभर खडी ओतली! आता तिथे टेकडी झाली.

इथवर गल्ली हसत होती. मग नोटिसा यायला लागल्या.

पहिली शेजारच्या बेकरीवाल्याला. पहाटे भट्टीचा खडखडाट होतो म्हणून. बेकरीवाला पिठाच्या हातांनीच आला. "चावीवाले, ती भट्टी मी कधीच भंगारात दिली! आता काय ओव्हनच्या दिव्याचा आवाज येतो तुम्हाला?"

"अहो, मी नाही, हिने..."

"वहिनींच्या नावावर खपवू नका! गेलेल्या माणसाच्या आडून दगड मारता?"

दुसरी नोटीस समोरच्या शिंपीणबाईला. ही बायकोची सख्ख्या बहिणीसारखी मैत्रीण. जिन्यातल्या कुंड्या अडथळा करतात, असं तिच्या नोटिशीत होतं. शिंपीणबाई गळ्यात टेप लटकावून तरातरा आली.

"दादा, खरं सांगा. ही तक्रार तिची?"

"तिचीच. चौदा वर्षांपूर्वीची."

"चौदा वर्षं रोज चार वाजता माझ्याकडे चहाला यायची! त्याच जिन्याने! 'काय सुंदर फुललाय गं गुलाब' म्हणायची!"

"म्हणजे गुलाब आवडला होता, कुंडी नव्हती," चावीवाला चाचरत म्हणाला.

"तिने मला तोंडावर का नाही सांगितलं?"

शिंपीणबाईने डोळे पुसले, टेप आवळला आणि दार आपटून गेली. त्या दिवसापासून गल्लीत कोणी त्याच्याशी बोलेना. एकट्या माणसाचं डोकं फिरतं, अशी कुजबुज मात्र त्याच्या दुकानापर्यंत बरोबर पोचायची. एक गिऱ्हाईक तर किल्ली करायला टाकून गेलं आणि ती न्यायला बायकोला पाठवलं!

पंधराव्या दिवशी तो खिडकीवर जाऊन उभा राहिला. "बाई, अर्ज मागे घेतो. मला काही कार्यवाही नको. मला नुसते कागद हवेत."

"मागे घेता येईल," बाई हळूच म्हणाल्या. "पण मग कागद परत जुन्या ढिगात जातील. आणि ढीग महिनाअखेरीला..."

"लगद्याला?"

"लगद्याला."

चावीवाल्याच्या डोळ्यांपुढे अंड्यांचे ट्रे आले. एकीकडे सगळी गल्ली, दुसरीकडे एकेचाळीस कागद. त्याने खिडकीचा गज धरला आणि म्हणाला, "असू द्या. शिव्या खातो."

विसाव्या दिवशी सकाळी त्याच्या दुकानासमोर ट्रक थांबला. शिडी उतरली, कटावणी उतरली, सहा माणसं उतरली आणि सर्वांत शेवटी हातात फाइल घेतलेला तरुण इंजिनिअर उतरला. समोरच्या खिडकीत शिंपीणबाई आली. बेकरीवाला दारात येऊन उभा राहिला. वरच्या मजल्यांवर तर नाटकाला जमावी तशी गर्दी!

"दुकानापुढचा हा पत्रा बेकायदा आहे," इंजिनिअर म्हणाला. "पदपथावर दोन फूट आलाय. काढायचाय."

"कोण म्हणतं?"

"तक्रार आहे."

"बघा! बघा!" चावीवाला गल्लीकडे वळून ओरडला. "माझ्यावरही तक्रार आहे! कोणी केली रे? समोर या! आठवडाभर तुमचं ऐकून घेतोय, आता माझ्या पोटावर उठलात? नाव सांगा साहेब, नाव!"

इंजिनिअरने फाइल उघडली. नाव बघितलं. मग दुकानावरची पाटी बघितली. पुन्हा नाव बघितलं. "काका, तुमचं आडनाव..."

"काय झालं?"

"तक्रार तुमच्या सौभाग्यवतींची आहे."

गल्लीत असा हशा पिकला, की वीज कंपनीचा माणूस खांबावरून खाली बघायला लागला. बेकरीवाल्याला ठसका लागला. शिंपीणबाईने तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे गदागदा हलत होते.

"दाखवा," चावीवाला म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता.

इंजिनिअरने कागद पुढे धरला. निळी शाई. उजवीकडे जरा कललेली अक्षरं. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी वर चढलेली, ती जिना चढताना घाई करायची तशी. चावीवाल्याला पहिल्यांदा काही वाचताच येईना. इंजिनिअर म्हणाला, "मी वाचू का?" आणि उत्तराची वाट न बघता त्याने मोठ्याने वाचलं.

"'महोदय, वरील दुकानाचा पत्रा पदपथावर आलेला असून त्याच्या कोपऱ्याने माझे डोके आजवर दोनदा फुटले आहे. सदर दुकानदार माझे पती आहेत. घरी तोंडी सांगून उपयोग होत नाही, म्हणून लेखी कळवीत आहे. तरी कृपया पत्रा काढावा. दुकानाला मात्र हात लावू नये. त्यांना दुसरे काही येत नाही. ही तक्रार मी केल्याचे त्यांना कळू नये, ही विनंती.'"

आता कोणी हसत नव्हतं. मग शिंपीणबाईच्या खिडकीतून आवाज आला, "म्हणजे तक्रारीचं तुम्हालाही नाही सांगितलं!"

"पत्र्याचं सांगितलं होतं," चावीवाला म्हणाला. "शंभरदा सांगितलं होतं. मी 'उद्या काढतो' म्हणायचो."

त्याने इंजिनिअरच्या माणसाच्या हातातली शिडी घेतली. "सोडा, कटावणीने भिंत फोडाल. हे स्क्रू मीच बसवलेत." तो स्वतः वर चढला. पहिला स्क्रू निघाला, दुसरा निघाला, तिसरा गंजला होता. बेकरीवाल्याने खालून शिडी धरली आणि तेलाचा डबा वर दिला. पाऊण तासाने पत्रा खाली आला. उतरता उतरता त्याचा कोपरा चावीवाल्याच्या कपाळाला लागला आणि रक्त आलं. शिंपीणबाई कापसाचा बोळा घेऊन खाली धावली. "तिसऱ्यांदा फुटलं डोकं," ती म्हणाली, "घरातलंच." आणि दोघंही हसले. चार वाजता तिने चहा पाठवला. जिन्यातल्या कुंड्या तिने एका बाजूला सरकवल्या होत्या, काढल्या नव्हत्या.

तिसाव्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी जाड पाकीट दिलं. चावीवाल्याने तिथेच उभ्या उभ्या मोजलं. प्रत्येक कागदावर 'सत्यप्रत' असा भलामोठा गोल शिक्का होता, आणि तो नेमका तिच्या अक्षरांच्या मधोमध! पण अक्षरं दिसत होती. पत्र्याची तक्रार त्याने सगळ्यांत वर ठेवली. पुढे लेकीने तीच भिंतीवर लावली. तिच्याकडे येणारे पाहुणे ती वाचून म्हणतात, तुझे बाबा जरा कठीण दिसतात. लेक म्हणते, हो.

पण त्या दिवशी खिडकीपाशी मोजताना कागद चाळीसच भरले.

"बाई, एक कमी आहे."

"हो. तो शेवटचा. त्यांनी जायच्या दीड महिना आधी दिलेला." बाईंनी मान खाली घातली. "त्याच्यावर कार्यवाही झालेली नाही. झाली की नक्कल देऊ."

"पण काय लिहिलंय त्यात?"

"ते कसं सांगू? तीच तर माहिती आहे!" बाईंनी इकडेतिकडे बघितलं, फाइल उघडून खिडकीकडे फिरवली, आणि उठून पाणी प्यायला गेल्या.

चावीवाल्याने वाचलं. अक्षर जरा थरथरलेलं होतं. तिने लिहिलं होतं, की या खिडकीसमोर उभं राहून पाय दुखतात, बरं नसलेल्या माणसांनाही उभं राहावं लागतं, तरी इथे एक बाक ठेवावा.

तिला इतकं बरं वाटत नव्हतं, हे तिने नगरपालिकेला कळवलं होतं. त्याला नाही.

बाई परत आल्या तेव्हा तो म्हणाला, "मी करून आणतो बाक. उद्याच."

"नाही चालत हो काका. बाहेरच्या माणसाने केलेलं रकान्यात भरता येत नाही. तो बांधकाम विभागाने करायला हवा. कागद गेलाय त्यांच्याकडे."

आता तो दर आठवड्याला खिडकीसमोर जाऊन उभा राहतो आणि विचारतो. चाळीस कामं झाली. बाक अजून आलेला नाही.