दोर धरणाऱ्याचं वजन

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर औषधाऐवजी चार अटी लिहून दिल्या आणि घरात त्या चिठ्ठीचं जाहीर वाचन झालं.

वाचणारा नवरा होता. तो औषधांच्या दुकानात बसायचा, त्यामुळे डॉक्टरांचं अक्षर लावण्याचा मान त्याच्याकडे. "एक, दोर वरूनच बांधलेला हवा. दोन, कमरेचा पट्टा नको, अंगभर हार्नेस. तीन, उडी नाही, घसरणं नाही, दम लागला की खाली. चार..." तो थबकला. "चार, ही परवानगी फक्त हिला. हिचं बघून दुसऱ्या कुणी चढू नये."

"म्हणजे डॉक्टरच घाबरलीय," सासूबाई म्हणाल्या. "पाचव्या महिन्यात बायका जिना चढताना कठडा धरतात. आमची सून भिंत चढणार."

"मी वीस वर्षं चढतेय."

"तेव्हा एकटी होतीस. आता दुसराही आहे. त्याला विचारलंस?"

तिचे बाबा कोपऱ्यात बसून होते. समोरचा चहा गार झाला होता. "दोर मी धरेन," एवढंच ते म्हणाले. तीन महिन्यांत त्यांनी आपणहून बोललेलं हे पहिलंच पूर्ण वाक्य, त्यामुळे पुढे कुणाला नाही म्हणवेना.

ती चढाई शिकवायच्या हॉलमध्ये शिकवायची. बारा मीटर उंच भिंत, तिच्यावर हातपाय रोवायचे रंगीत होल्ड. त्याच हॉलमध्ये तिची आई तीस वर्षं वाटा लावायची, म्हणजे कोणता होल्ड कुठं आवळला तर माणूस वर पोचेल, पण फुकट पोचणार नाही, हे ठरवायची. "हिचा धंदाच लोकांची वाट लावायचा," असं बाबा प्रत्येक पाहुण्याला सांगत. आई एकदाही हसली नव्हती.

तीन महिन्यांपूर्वी आई गेली. तिनं लावलेली शेवटची वाट, पिवळ्या होल्डची, डावीकडच्या कोपऱ्यात अजून होती. लेकीला ती चढताच आली नव्हती. आधी आईच्या दवाखान्याच्या फेऱ्या, मग फेऱ्या थांबल्या, मग उलट्या. आणि दर चार महिन्यांनी भिंत उतरवून सगळे होल्ड धुवायचे, असा हॉलचा नियम होता. शुक्रवारी अकरा वाजता पिवळी वाट निघणार होती. नियम आईनंच घातलेला, त्यामुळे सूट मागायची सोय नव्हती.

आईची आणखी एक सवय होती. वाटेचं नाव ती खाली पाटीवर लावत नसे. सगळ्यात वरच्या होल्डखाली पेन्सिलीनं लिही. जो पोचेल त्यानं वाचावं. बाबांनी तीस वर्षं खाली उभं राहून तिचा दोर धरला, पण नाव एकही वाचलेलं नव्हतं. बल्ब बदलायला स्टुलावर चढले तरी ते डोळे मिटून घेत.

शुक्रवारी नऊ वाजता अख्खं घर हॉलमध्ये हजर झालं. सासूबाईंनी सुनेसाठी मोठा डबा आणला होता आणि स्वतः हेल्मेट मागून घेतलं होतं. होल्ड काढणारा माणूस, ज्याला सगळे पान्या म्हणत, हातात पाना घेऊन एका बाजूला उभा होता. त्याचा चेहरा पडलेला होता. आईनंच त्याला हे काम शिकवलं होतं.

मग काळजी घ्यायला सुरुवात झाली.

"ती वरची कप्पी किती कुरकुरतेय!" सासूबाई म्हणाल्या. "गंजली असेल. तेल घाला आधी."

"काकू, ती कुरकुरते म्हणजे दोर जरा धरून—"

"तेल घाला."

पान्या शिडी लावून वर गेला आणि त्यानं कप्पीला तेल पाजलं. तोवर नवऱ्याला भिंतीच्या पायथ्याशी वाळूची गोणी दिसली. हलक्या माणसानं दोर धरायचा असेल तर ती त्याच्या कमरेला अडकवतात. "ही इथं कशाला? उतरताना हिचा पाय अडकला तर?" म्हणत त्यानं ती फरपटत पार दाराशी नेली.

"काका, वजन?" पान्यानं नियमाप्रमाणं विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर," बाबा म्हणाले. तीस वर्षं ते हेच सांगत आले होते. सांगता सांगता त्यांनी हार्नेसचा पट्टा ओढला, आणखी ओढला, अगदी शेवटापर्यंत ओढला. सगळ्यांचं लक्ष पोटाकडे होतं. पट्ट्याकडे कुणी बघितलं नाही.

दोराचं एक टोक तिच्या हार्नेसला, दुसरं कप्पीवरून खाली बाबांच्या हार्नेसला. ती चढू लागली. तिसऱ्या-चौथ्या होल्डवर तिच्या ध्यानात आलं की ही वाट विचित्र आहे. पायाचे होल्ड लांब लांब, दोन बाजूंना. गुडघे बाहेर फाकवूनच वर जावं लागत होतं. हॉलमधली पोरं हिला बेडकाची वाट म्हणून हसायची. उड्या नाहीत, लांबचे हात नाहीत, आणि दर दोन मीटरवर टेकून दम घेता येईल असा एक मोठा होल्ड. पोट भिंतीला एकदाही लागलं नाही.

चार महिन्यांपूर्वी दिवस गेल्याची बातमी तिनं फक्त एका माणसाला सांगितली होती. आई त्यावर "बरं" म्हणाली होती आणि ड्रिल घेऊन निघून गेली होती.

वरच्या होल्डला हात लावून तिनं खालची पेन्सिलीची ओळ वाचली. आधी हसली. मग भिंतीला कपाळ टेकून बराच वेळ तशीच राहिली.

"दम लागला! तिसरी अट!" खालून नवरा ओरडला. "खाली घ्या हिला!"

"बाबा, घ्या," ती म्हणाली आणि दोरावर बसली.

ती खाली निघाली. बाबा वर निघाले.

पहिले दोन मीटर कुणाला काही कळलंच नाही. तेल प्यालेली कप्पी चकार शब्द काढत नव्हती. मधोमध बापलेक समोरासमोर आले.

"बाबा, तुम्ही कुठं निघालात?"

"मला काय माहीत?" बाबांनी डोळे घट्ट मिटले होते. "मी खाली उभा होतो."

"तुम्ही जेवता का हो?"

"आत्ता हा विषय काढायचा का?" असं म्हणत ते तिच्या डोक्यावरून पुढे गेले.

तिचे पाय अलगद जमिनीला टेकले. नवरा धावत आला आणि तिच्या हार्नेसचा हूक काढायला लागला.

"हात लावू नका!" पान्या किंचाळला. "ताई सुटल्या की काका खाली! ताई, बसून राहा. हलू नका."

बारा मीटर वरून क्षीण आवाज आला, "काय झालं?"

"काही नाही," लेक म्हणाली. "तुम्ही माझ्यावर टांगलेले आहात."

सासूबाईंनी वर बघितलं. "इतके दिवस हिचं वजन वाढतंय म्हणून मी खूश होते," त्या हळूच म्हणाल्या. "हिच्या बाबांचं कुणी बघितलंच नाही." एवढं बोलून त्याही सुनेला चिकटून बसल्या आणि तिची कंबर दोन्ही हातांनी धरली. दोर अजिबात हलेना.

"काका, घाबरायचं काम नाही," पान्या ओरडला. "तुमच्या हातातला, दोर अडवणारा चाप हळूहळू दाबा, आपोआप खाली याल. तीस वर्षं ताईंच्या आईंना उतरवलंत, तसंच स्वतःला उतरवायचं."

"तिला उतरवणं वेगळं होतं," वरून उत्तर आलं.

पान्यानं लेकीकडे बघितलं.

"बाबा," लेक म्हणाली, "डोळे उघडा. खाली नको, समोर बघा. पिवळ्या होल्डखाली लिहिलंय, ते वाचा."

बाबांनी एक डोळा उघडला. "आहे खरं. तिचंच अक्षर. पण बारीक आहे. लागत नाही."

"चष्मा लावा."

"चष्मा नाहीये." दोर थरथरला. बाबा एका हातानं खिसे चाचपत होते. "शर्टात नाही. पँटीतही नाही. घरीच राहिला वाटतं. जरा तुझ्या आईला विचा—"

सासूबाईंनी सुनेच्या कमरेची पकड आणखी घट्ट केली.

खालून तिला सगळं दिसत होतं. सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही.

अक्षर जवळून बघायला म्हणून बाबांनी मान पुढे केली. वर बघता यावं म्हणून सकाळी हेल्मेटवर सरकवून ठेवलेला चष्मा घसरला आणि नेमका नाकावर येऊन बसला.

पेन्सिलीनं लिहिलं होतं : चष्मा डोक्यावर आहे.



"काका?" पान्यानं हाक मारली. "या आता खाली."

"थांब रे," बाबा म्हणाले. "पुन्हा एकदा वाचतो."

थोड्या वेळानं ते मिटल्या डोळ्यांनी, इंच इंच करत खाली आले. पाय टेकले तेव्हा चष्मा नाकावरच होता. पान्यानं दाराशी पडलेली गोणी आणली आणि त्यांना तिच्यावर बसवलं.

"ह्याच्या आधीची नावं काय होती?" त्यांनी विचारलं.

पान्यानं स्वतःच्या पायांकडे बघितलं. "निळी होती ती 'ओला टॉवेल'. लाल होती ती 'नळ कोण बंद करणार'. मागच्या भिंतीवर 'ऐकतोयस ना' होती. ती फार अवघड होती, काका."

"म्हणजे सगळ्या हॉलला माहीत होतं?"

"तीस वर्षं."

सासूबाईंनी सुनेसाठी आणलेला डबा उघडून बाबांच्या मांडीवर ठेवला. ते खाऊ लागले. लेक शेजारी बसून होती, अजून दोराला बांधलेलीच. सोडायची आठवण कुणालाच राहिली नव्हती.

अकरा वाजले. पान्या पाना हातात घेऊन उभा राहिला, पण जागचा हलेना.

"काढ," बाबा घास गिळून म्हणाले. "नियम आहे." मग डब्यात बघत म्हणाले, "खालून सुरुवात कर. सावकाश. माझं जेवण व्हायचंय."