ऐंशी कट्ट्यांचा स्टुडिओ

दीपमालाने कानांना हेडफोन लावले, डोळे मिटले, पहिला सूर लावला आणि डोळे उघडून पाहते तो काय, समोरची भिंत उठून दाराबाहेर चालली होती.

भिंत म्हणजे धानाचे कट्टे, भाताने भरलेली पोती. दिघोरीच्या केशवरावांच्या मधल्या खोलीत तिन्ही बाजूंनी ऐंशी कट्टे रचलेले होते आणि मधोमध स्टुलावर बसून त्यांची लेक गाणी रेकॉर्ड करत असे. भरलेला कट्टा आवाज गिळतो, शेजारचा टीव्ही किंवा अंगणातला कोंबडा माईकपर्यंत पोचू देत नाही, हा शोध तिचा स्वतःचा. गाणे लिहायचे तिने, चाल तिची, पेटी तिची, लोकांपर्यंत पोचवायचेही तिनेच. लहानपणापासून जयंतीच्या स्टेजवर गायलेली ही पोर एवढा कारभार एकटी सांभाळत होती, आणि गाव मात्र तिला भेटला की एकच विचारी, "नोकरीचं काय झालं वं?"

केशवरावांनी तर मुदतच घालून दिली होती. "धान घरात हाय तोवर गा. धान गेले का मामानं अड्याळले दुकान पाह्यलं हाय, तिथं कॉम्प्युटरवर बसाचं."

आणि आज धान निघाले होते.

"बाबा, हे काय करून राहिले?"

"खरेदी केंद्राचा फोन आला. आज नंबर हाय," पाठीवरचा कट्टा सावरत केशवराव म्हणाले. दारात शेजारच्या घनश्यामचा ट्रॅक्टर धडधडत होता.

"अवो, मले सहाच्या आत तुमसरले गाणं पाठवाचं हाय! नवं गाणं आवडलं तरच तिथल्या रश्मी मॅडम त्यायच्या स्टेजच्या कार्यक्रमात घेतीन."

"मंग गा ना. मी का तुहं तोंड धरलं?"

ती गायली. वीस कट्टे गेले तेव्हा गाण्यात कोंबडा आला. चाळीस गेल्यावर शेजारच्या टीव्हीवरची सासू सुनेला रागावू लागली. साठाव्या कट्ट्यानंतर दीपमालाचा आवाज विहिरीतून हाक मारल्यासारखा घुमू लागला. रडत बसायला वेळ नव्हता. तिने माईक, लॅपटॉप आणि स्टूल उचलले.

"काहून, कुठं चालली?" आईने, पार्वताबाईंनी विचारले.

"आवाज कट्ट्यात हाय. मी बी कट्ट्यासंगं जातो. तू बस स्कूटीवर मागं."

केंद्रावर अठरा ट्रॅक्टरांची रांग होती. दीपमालाने ट्रॉलीतले आठ-दहा कट्टे सरकवले, मध्ये माणूस मावेल एवढी जागा केली, स्टूल मांडले आणि वरून ताडपत्री ओढून घेतली. बाहेरचा बंदोबस्त पार्वताबाईंनी हाती घेतला.

"ए बाप्पा, इंजिन बंद कर. माही पोरगी गाऊन राहिली."

"कुठं?"

"धानात."

त्या माणसाने ट्रॉलीकडे पाहिले, पार्वताबाईंकडे पाहिले आणि इंजिन बंद केले. पार्वताबाईंपुढे फार चौकशी करायची सोय नव्हती. बघता बघता सगळी रांग चिडीचूप झाली. ताडपत्रीखालून मात्र 'चिखलात माय माही, पाय तिचे दिसेनात' ऐकू येऊ लागले आणि रांगेतल्या दोन बायका रोवण्याची, भातलावणीची आठवण येऊन आपापल्या पायांकडे पाहू लागल्या.

एवढ्यात रांग पुढे सरकली. घनश्यामने ट्रॅक्टर सुरू केला, कडवे वाया गेले. पुन्हा सुरुवात, पुन्हा रांग सरकली, पुन्हा धडधड. तिसऱ्यांदा केशवरावांनी हात पुढे केला.

"चाबी दे."

"भाऊ, नंबर जाईन ना!"

"दे म्हणतो ना."

चाबी त्यांनी खिशात टाकली आणि मागच्या ट्रॅक्टरांना दुरून वळसा घेऊन पुढे जायची खूण केली. सकाळपासून नंबर, नंबर करणारा हा माणूस आता चेहरा वाकडा करून नंबर वाटत होता.

शेवटी माल तपासणारे ग्रेडर साहेबच ओलावा मोजायचे यंत्र घेऊन आले आणि नमुना काढायची लोखंडी नळी त्यांनी ताडपत्रीखालच्या एका कट्ट्यात खुपसली. ती पलीकडून थेट दीपमालाच्या बरगडीशी निघाली. त्या वेळी ती गाण्यातल्या सर्वांत वरच्या सुरावर होती. पोरगी चार बोटे सरकली, पण सूर तसूभर हलला नाही. असे गाणे गळ्यात असावे लागते, आणि छातीतही.

साहेब मात्र दोन पावले मागे उडाले. "केशवराव, तुमचे धान गाऊन राहिले!"

गाणे संपवून दीपमाला बाहेर आली ती केसांत तूस घेऊनच. कान हेडफोनने झाकलेले, त्यामुळे बाहेर काय बोलणे झाले याचा तिला पत्ताच नव्हता. आईला तिथेच ठेवून तिने स्कूटी घराकडे पिटाळली.

पाच वाजता ट्रॅक्टर परतला. केशवराव कट्टा घेऊन खोलीत आले.

"वीस वापस आले. ओलावा जास्त निघाला म्हणते," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "आता महिना-दोन महिने घरातच राह्यतीन. माहा काही विलाज नाही."

म्हणजे मुदत वाढली! दीपमालाला देव नाही तरी हवामान पावल्यासारखे वाटले. तिने हेडफोन चढवले आणि गाण्याचे शेवटचे टोक कापायला घेतले. शेवटचा सूर विरला, आणि रेकॉर्डिंगमध्ये मागून ग्रेडर साहेबांचा पुसट आवाज आला.

"ओलावा पंधरा. पास. सारेच उतरवा."

मग बाबांचा दबका आवाज. "वीस राहू द्या, साहेब."

"काहून? माल पास हाय ना!"

"पोरगी कायच्या आड गाईन मंग?"

दीपमालाचा हात थांबला. तिने हेडफोन गळ्यात उतरवले. समोर केशवराव कट्ट्यावर कट्टा चढवत होते, मागे सरकून पाहत होते, पुन्हा ढकलत होते.

"दीपे, इथं बरा हाय का थोडा डाव्याले पाह्यजे? आवाज कुठून गळते?"

"डाव्याले, बाबा," ती म्हणाली. मग टोक न कापताच तिने गाणे पाठवून दिले.

सहाला पाच कमी असताना तुमसरहून उत्तर आले. ते तिने मोठ्याने वाचले, "गाणं घेतलं. शेवटी बोलणाऱ्या बाबांना स्टेजवर सोबत घेऊन ये."

केशवरावांनी खांद्यावरचा कट्टा तसाच धरून विचारले, "मले कायले? मी कुठं गायलो?"