वरच्या वाऱ्याचे दामलेकाका

पिस्कॅटवेच्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये कोणी भेटलं की "कसं काय?" विचारतं. दामलेकाका विचारतात, "वरचा वारा बघितलास का आज?"

काका रिटायर्ड प्रोग्रामर. सुधाकाकू गेल्यापासून एकटेच. जून उजाडला की टीव्हीवरच्या वादळांपुढे ठाण मांडतात. समुद्र कितीही तापू दे, त्यांचं पालुपद एकच, "शिअर बघ, शिअर!" म्हणजे खालच्या आणि वरच्या वाऱ्यात फरक किती. घरोघरचे पदार्थ एकत्र मांडून जेवायच्या पॉटलकला माझ्याच ताटात इडल्यांची चळत रचून ते वरची इडली बोटाने ढकलतात.

"कललं वादळ! आता कसला जोर धरतंय? आपल्या मराठी मंडळासारखं. अध्यक्ष एकीकडे, सेक्रेटरी दुसरीकडे. कार्यक्रम उभा राहील का?" अध्यक्ष शेजारीच जेवत असतात.

कोणी नवसाचं नाव काढलं की काका फिसकन हसतात. "हे शास्त्र आहे, बाबा."

या वेडाचं मूळ म्हणजे त्यांची एकुलती एक लेक मुग्धा. संशोधकांच्या विमानातून ती थेट वादळात शिरते आणि आतला वारा मोजते. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात कोथिंबीर घेतानाही काका हे दुकानदाराला ऐकवतात. ऐकवू देत! दुसऱ्या कोणाची मुलगी वादळात शिरते? पाहुण्यांना मीसुद्धा "आमची मुग्धा" म्हणूनच सांगतो.

परवा फ्लोरिडाच्या बाजूला वादळ उठलं. दुपारी काकांकडे गेलो तर मुग्धा स्पीकरवर होती.

"बाबा, शिअर?" तिच्याकडे सगळी यंत्रं आहेत, तरी निघण्याआधी ती बाबांना विचारतेच.

"जवळजवळ नाहीच. ताठ उभं आहे. भराभर वाढेल."

"गॉट इट, बाबा. निघते."

वादळ खरंच चढत गेलं. अंदाज तंतोतंत खरा ठरत होता आणि काका एकदाही "बघ, म्हणालो नव्हतो?" म्हणाले नाहीत. मला भीतीच वाटली. चहा करायच्या निमित्ताने मी आत गेलो.

ओट्यावरच्या पातेल्यात काकूंचा पितळी गणपती बुडवलेला होता. दामलेकाकांनी देव पाण्यात ठेवले होते! मी चहा आणून दिला.

संध्याकाळी फोन वाजला. "बाबा, लँडेड! यू वेअर राइट. प्लेन खूप हललं."

"ऐकलंस? आपला अंदाज!" काकांनी छाती फुगवली आणि ते आत गेले.

बराच वेळ आले नाहीत म्हणून मी डोकावलो. काका शर्टाच्या टोकाने गणपती पुसत होते.

"सुधा," ते हळूच म्हणत होते, "उतरली गं आपली पोर."