निकमकाकांचं आहेराचं पाकीट

आमच्या कॉलनीत कुणाचं लग्न ठरलं की पहिला प्रश्न असतो, "निकमकाकांना बोलावलंय ना?" कारण निकमकाका आहेराच्या पाकिटात पैसे घालत नाहीत, लॉटरीचं तिकीट घालतात. एकच. पाकिटावर जो एक रुपया चिकटवलेला येतो, तेवढीच काय ती रोख.

माझ्या लग्नातही घातलं होतं. हिने पाकीट उघडलं आणि नव्या नवरीला न शोभणाऱ्या आवाजात विचारलं, "हे कोण महाशय?" म्हटलं, "शेजारी आहेत. होईल सवय." पाचव्या दिवशी सकाळी फोन. "निकम बोलतोय. सोडत झाली. तुमचं लागलं नाही. बाकी प्रेशर नॉर्मल? पहिलं भांडण झालं का? अजून नाही? होईल, होईल." पंधरा मिनिटं बोलत होते. चहा पार थंड झाला.

प्रेशर हा काकांचा जन्माचा शब्द. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरचे काटे बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आता माणसांकडेही ते काटे बघितल्यासारखेच बघतात. दूधवाल्याचं प्रेशर, सोसायटीच्या सेक्रेटरीचं प्रेशर, शालनकाकूंचं तर दिवसातून तीनदा. या दोघांना मूलबाळ नाही. पण आहेरात दिलेल्या प्रत्येक तिकिटाचा नंबर काकांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतो, पुढे नवरानवरीचं नाव. निकाल छापून आला की पेपर घेऊन बसायचं आणि एकेकाला फोन लावायचा. इतक्या वर्षांत समोरच्यांच्या जावयाला एकदा शंभर रुपये लागले. ते आणायला रिक्षाला सव्वाशे गेले.

मग पल्लवीचं लग्न आलं. पल्लवी ही काकांच्या धाकट्या भावाची, दौलतरावांची मुलगी. दौलतराव मखमलाबादला मेथी, कोथिंबीर आणि झेंडू पिकवतात. त्यांच्याकडे लग्नात आहेर माइकवर पुकारतात. कोणी किती घातले ते अख्ख्या मांडवाला कळलंच पाहिजे. काकांना हे पुरतं ठाऊक होतं, तरी पाकिटात तिकीटच! माइकवाल्याने पाकीट फोडलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "नवरीचे सख्खे चुलते भास्करराव निकम यांच्याकडून... लॉटरीचं एक तिकीट!"

मांडव खदखदून हसला. नवरदेवाकडची मंडळी जरा जास्तच हसली. दौलतरावांनी ते तिकीट माइकवाल्याच्या हातातून ओढलं, चुरगाळलं आणि भिरकावून दिलं. "भरल्या मांडवात लय शोभा केली भाऊ तू," ते म्हणाले. "आता आमच्या दाराला येऊ नको."

काका-काकू न जेवताच घरी आले.

पाचव्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात. हातात पेपर, चेहरा पांढराफटक. "पहिलं बक्षीस," म्हणाले. "पंचवीस लाख. पल्लवीचं तिकीट."

"अहो, मग फोन करा की!"

"केला. दौलतने माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. परत लावला, म्हटलं, अरे तिकीट लागलं. तर म्हणाला, अजून चेष्टा राहिली का काय? पल्लवीचा नवा नंबर माझ्याकडे नाही. आणि तिकीट हातात असल्याशिवाय ते लोक दमडी देत नाहीत." काका माझ्या सोफ्यावर टेकले. मला वाटलं, आता पंचवीस लाखांचा हिशेब सुरू होणार. पण ते वेगळंच बोलले. "पैशाचं सोडा हो. दौलतने ते स्वतःच्या हाताने फेकलंय. सापडलं नाही तर तो जन्मभर स्वतःला खात बसेल. मी ओळखतो ना त्याला. मला तो घरात घ्यायचा नाही. तुम्ही चला."

मी बँकेत आहे, म्हणून वजनदार माणूस समजून माझी निवड झाली. स्कूटर काढली. काका मागे बसले आणि सगळा रस्ता माझ्या खांद्याला धरून "हळू, प्रेशर बघा, प्रेशर" करत राहिले. शेताच्या बांधावर उतरले आणि तिथेच थांबले. "मी इथे आहे म्हणून सांगू नका," म्हणाले. सहा फुटी माणूस तुरीच्या चार झाडांमागे लपला.

दौलतराव ओट्यावर झेंडू क्रेटमध्ये भरत होते. पल्लवी पाचपरतावणाला माहेरी आलेली, हातावरची मेंदी अजून तशीच. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. पेपर दाखवला.

दौलतराव मटकन खाली बसले. "म्या फेकलं," म्हणाले. "या हातानं फेकलं हो." पल्लवीच्या आईने देवाच्या फोटोकडे बघून हात जोडले.

पल्लवी उठून आत गेली आणि पर्स घेऊन आली. पर्समधून तिकीट काढलं. चुरगळलेलं, पण उशीखाली ठेवून ठेवून सरळ केलेलं. "मी तेव्हाच उचललं होतं," ती म्हणाली. "काकाच्या हातचं हाय ना ते. सोडत झाली का काका फोन करतो म्हणून रोज वाट बघत होते. त्याला नंबर देऊ दिला नाय तुम्ही, पप्पा."

हुश्श! मी तिथल्याच तांब्यातलं पाणी न विचारता प्यायलो. दौलतराव बांधाकडे बघून ओरडले, "ये की आता! मघापासून दिसतोय तू!"

काका आले. दौलतराव त्यांच्याकडे बघेनात. "भाऊ, तिकीट तुझं. पैसे तूच घे."

"येडा का तू? आहेर कधी परत घेतात का?" काका म्हणाले. "प्रेशर कमी कर आणि चहा टाकायला सांग."

पुढचं सगळं काकांनी बॉयलरच्या नियमाने चालवलं. "वाल्व हळूहळू उघडायचा. एकदम उघडला की पाइप फाटतो." कर कापून जे आलं त्यातलं निम्मं मी बँकेत मुदतीला ठेवलं. जावई दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा, त्याने स्वतःचा घेतला. बाकी वर्षभर चपलासुद्धा त्याच घालायच्या, अशी काकांची सक्त ताकीद. पल्लवीच्या सासरी अचानक सात मावसभाऊ उगवले होते. त्यांनी जुन्या चपला बघितल्या आणि हळूहळू गळाले.

आमच्या कॉलनीचं मात्र प्रेशर वाढलं. काकांना अनोळखी लोकांच्या पत्रिका यायला लागल्या. गंगापूर रोडवरचा एक बिल्डर मुलाच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला गाडी घेऊन आला. जाताना म्हणतो, "काका, पाकीट मात्र तुमच्या हातचंच हवं." त्या दिवसापासून काका रोख द्यायला लागले. सगळे हळहळले.

मी विचारलं, "का हो बंद केलं?"

"मजा गेली त्यातली. लोक आता पाकिटाची वाट बघतात, माझ्या फोनची नाही." मग म्हणाले, "रोख दिली की विषय तिथेच संपतो हो. तिकीट दिलं की फोन करायला निमित्त राहतं. आम्हा दोघांना कोण फोन करणार?"

मला एकदम आमचा तो थंड झालेला चहा आठवला आणि लाज वाटली. तेव्हा मी घड्याळ बघत बोललो होतो.

गेल्या महिन्यात काका-काकूंच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस झाला. दौलतराव झेंडूची दोन क्रेट घेऊन आले. सगळं घर पिवळंधमक झालं. निघताना त्यांनी खिशातून पाकीट काढून काकांच्या हातात कोंबलं. आत लॉटरीचं एक तिकीट. "सोडत झाली का मी फोन करीन," एवढंच म्हणाले आणि जावयाच्या टेम्पोत जाऊन बसले.

निकालाच्या दिवशी मी मुद्दाम काकांकडे गेलो. पेपर घडीसुद्धा न मोडता मांडीखाली दाबलेला, समोर मोबाइल. "बघा की," मी म्हटलं. "छे!" काका म्हणाले. "त्याने सांगितलंय ना, करतो म्हणून."

नऊला फोन वाजला. "हां दौलत, बोल... एकही आकडा नाही? बरं, बरं... मेथीला काय भाव मिळाला?... पल्लवी कशी आहे?" काका अर्धा तास बोलले. फोन ठेवला, नाक पुसलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने ओरडले, "अगं, पेढे आण! दौलतचा फोन होता! आपलं नाही लागलं!"

मी दोन पेढे घेतले.