हेड सरांची खुर्ची

भंडारा जिल्ह्याचं विभाजन होऊन गोंदिया वेगळा झाला, तेव्हा कोणाचं किती नुकसान झालं यावर पुष्कळ भाषणं झाली. तलाव कोणाकडे गेले, जंगल कोणाच्या वाट्याला आलं, सगळं बोलून झालं. मात्र या विभाजनाने भारतीय फुटबॉलची एक थोर परंपरा मधोमध चिरली गेली, याची दखल आजवर कोणीच घेतलेली नाही. ती मी घेतो. आमच्या लाखनीच्या कॉलेजचं आक्रमण गोंदिया जिल्ह्यात गेलं आणि बचाव भंडारा जिल्ह्यात राहिला.

बचावाचं नाव शालिक रामटेके. पद, सहायक फुटबॉल प्रशिक्षक. कोणाचे सहायक, हे लाखनीत कोणी विचारत नाही. विचारलं तर रामटेके मैदानाच्या कडेला बोट दाखवतात. तिथे एक घडीची लोखंडी खुर्ची असते. प्रत्येक सामन्याआधी ते ती स्वतः आणून मांडतात, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसतात आणि मग तिच्या शेजारी गवतावर बसतात. खुर्ची रिकामी असते. सामना संपला की तिची घडी करून आत ठेवतात.

एकदा संस्थेचे अध्यक्ष सामन्याला आले आणि सवयीने त्या खुर्चीकडे वळले. रिकामी खुर्ची आपल्यासाठीच असते, असा त्यांचा आजवरचा अनुभव. रामटेके हात जोडून म्हणाले, "साहेब, हे हेड सरची होय." ते इतक्या अदबीने म्हणाले की आपल्याहून मोठं कोणीतरी येणार आहे असं अध्यक्षांना वाटलं. ते उभे राहिले. भाषण करायचं नसताना त्यांनी उभ्याने काढलेला तो एकमेव कार्यक्रम.

हेड सर म्हणजे मुख्य प्रशिक्षक टेंभरे सर. विभाजनात त्यांचं गाव गोंदियात गेलं आणि गावामागोमाग सरही तिकडच्या एका कॉलेजात गेले. जाताना स्टँडवर ते रामटेकेंना म्हणाले, "शालिक, तू डिफेन्स पाह्य. बाकीचं मी आलो का पाहू." माणसं बसमध्ये चढताना असं काहीबाही बोलतात. रामटेकेंनी ते कामाचं वाटप समजलं. तेव्हापासून आमच्या मैदानावर फक्त बचाव शिकवला जातो. गोल करणं हे हेड सरांचं खातं.

बचाव मात्र असा की बघत राहावं. यामागे रामटेकेंचा एक सिद्धांत आहे. आमची पोरं आंधळगावापासून पार आंबागडापर्यंतची, धानाच्या बांध्यांत, भातलावणीच्या चिखलात वाढलेली. "रोवणा करतानी माणूस चिखलात मांगं मांगं सरकते का नाही जी? मंग? ह्या पोट्ट्यायले मांगं जानं शिकवाच लागत नाही." खरोखरच आमचा संघ चेंडूवर नजर ठेवून इतक्या सफाईने मागे सरकतो की समोरच्याला आपण पुढे चाललो आहोत याचाच कंटाळा येतो. सामने शून्य-शून्य सुटतात. मग पेनल्टी येते, आणि पेनल्टीत आम्ही हरतो, कारण पेनल्टी मारणं हेही हेड सरांच्याच खात्यात मोडतं.

हे सगळं मला ठाऊक असण्याचं कारण, मी मराठी शिकवतो. म्हणजे माझ्याकडे वेळ असतो असं कॉलेजचं मत आहे, आणि म्हणून मी संघाचा व्यवस्थापक आहे. माझं काम पाण्याच्या कॅनवर लक्ष ठेवणं.

असं सुरळीत चाललं होतं. मग नवे प्राचार्य आले. येताना ते व्हिजन घेऊन आले. हायवेला लागून असलेलं आमचं मैदान त्यांनी पाहिलं आणि त्यांना तिथे मंगल कार्यालयाचं लॉन दिसलं. धान निघाल्यावर महिनाभर लोक त्या मैदानावर धान वाळवत, म्हणजे जागा सुपीक कल्पनांना चांगली. त्यांनी रामटेकेंना बोलावलं आणि खेळाचं राष्ट्रउभारणीतलं महत्त्व बराच वेळ सांगून झाल्यावर म्हणाले, "विद्यापीठाच्या स्पर्धेत एक गोल करून दाखवा. नाहीतर फुटबॉल बंद."

मी रामटेकेंना म्हटलं, "आता तरी पोरांना पुढे जायला शिकवा."

"मी कायले शिकवू जी? आपलं खातं नाही ते."

"अहो, मैदान जाईल!"

ते खाली बसले. बराच वेळ गवताची पाती उपटत राहिले. मग म्हणाले, "मैदान गेलं तं खुर्ची कोठं मांडू?"

स्पर्धेची सोडत निघाली आणि पहिलाच सामना आमच्या मैदानावर टेंभरे सरांच्या कॉलेजशी आला. विद्यापीठाला जिल्ह्याच्या सीमा कळत नाहीत, त्याचा हा फायदा.

सामन्याच्या दिवशी रामटेके इस्त्रीचा ट्रॅकसूट घालून, गुळगुळीत दाढी करून आले. खुर्चीला नवा निळा रंग दिलेला होता. पोरांना गोळा करून त्यांनी सांगितलं, "आज हेड सर येऊन राहिले. इज्जत ठेवा."

गोलकीपर म्हणाला, "पण सर, ते तं तिकून येऊन राहिले नं? त्यायच्या टीमसंग?"

"कोठूनही येवो. सर ते सरच राह्यते."

पूर्वार्धात त्यांची पोरं वादळासारखी आली आणि आमची पोरं रोवणा केल्यासारखी मागे सरकली. शून्य-शून्य. प्राचार्य मंडपात बसून मैदानाची लांबी-रुंदी नजरेने मापत होते.

मध्यंतरात टेंभरे सर मैदान ओलांडून आमच्याकडे आले. केस पांढरे झालेले, गुडघ्याला पट्टा. खुर्चीपाशी येऊन थांबले.

"काय बे शालिक, हे तेच खुर्ची का?"

"हो सर. रंग ओला नाही, बसा."

"तू नाही बसत?"

"तुमची होय नं."

टेंभरे सर बसले. रामटेके शेजारी गवतावर बसले, रोजच्यासारखे. दोघेही समोर बघत राहिले. मग रामटेकेंनी घसा खाकरला. "सर, गोल पायजे होता एक. नाही तं मैदान जाते. फॉरवर्डवाल्यायले काय सांगू?"

फुटबॉलच्या इतिहासात प्रतिस्पर्धी प्रशिक्षकाला त्याच्याच संघाला हरवायचा उपाय विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. माझं वाचन बऱ्यापैकी आहे. टेंभरे सरांनी क्षणभर आपल्या संघाकडे पाहिलं.

"माहा डावा बॅक कच्चा आहे," ते म्हणाले. "तिकूनच जा. पोट्ट्याले सांग, बॉल थांबवू नको, सरळ ठेवून दे." मग थोडं थांबून, "बॅकवाल्यायले मले कधी शिकवताच नाही आलं शालिक. तिकडं तुह्यासारखा कोणी भेटलाच नाही."

शिट्टी झाली तसे ते उठून आपल्या संघाकडे गेले. आमचा एक पोरगा त्यांच्या डाव्या बाजूने घुसला, चेंडू न थांबवता सरळ जाळ्यात ठेवून दिला, आणि गोल झाला. मैदानावर आधी शांतता पसरली. आमच्या बाजूला असं काही घडायची सवय नव्हती. मग पोरांनी मिठ्या मारल्या, गोलकीपरही पळत आला, आणि त्यानंतर त्यांचं बचावात लक्ष लागेना. खेळ सुरू झाला तरी ती गोलबद्दलच बोलत होती. सामना आम्ही एक-दोनने हरलो.

दुसऱ्या दिवशी हायवेवर फ्लेक्स लागला: 'ऐतिहासिक गोल'. त्यावर प्राचार्यांचा मोठा आणि अध्यक्षांचा त्याहून मोठा फोटो होता. गोल करणारा पोरगा नव्हता, निकालही नव्हता. मैदान वाचलं. लॉनसाठी आता ग्रंथालयामागची जागा बघताहेत. ग्रंथालयाने अजून एकही गोल केलेला नाही.

पण मला सांगायची आहे ती सामन्याच्याच संध्याकाळची गोष्ट. टेंभरे सरांची बस सुटली. रामटेके ती साकोलीच्या दिशेने, ट्रकांच्या मागे दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग मैदानावर येऊन त्यांनी खुर्ची उचलली. मी म्हटलं, "रामटेके, आता तरी तुम्ही बसत जा हिच्यावर. सरांचं घर तिकडे, रिटायरमेंट जवळ आली. ते काही परत येत नाहीत."

"मले मालूम नाही का जी?"

"मग?"

त्यांनी खुर्चीची घडी केली, दुपट्ट्याने पाठ पुसली. "मी हेड झालो, खुर्चीवर बसलो," ते म्हणाले, "तं मंग माह्या बाजूले कोण बसन?"

मी पाण्याचा कॅन उचलला.

पुढच्या मोसमात पहिल्या सामन्याला निळी खुर्ची जागेवर होती. शेजारी गवतावर रामटेके. त्यांच्या शेजारी, व्यवस्थापकाला कुठेतरी बसावंच लागतं म्हणून, मी.

सामना शून्य-शून्य सुटला.