आप्पा ओव्हरलॉक सुरू करून देतात

“माहितीपुस्तिका वाचायची ती ज्याला उपजत बुद्धी नाही त्यानं!” असे जाहीर करून आप्पांनी नव्या ओव्हरलॉक मशीनचे खोके स्वतःकडे ओढले.

आप्पा म्हणजे सूनबाईंचे सासरे. कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्यांच्या कामावर शेरे मारण्यात त्यांची हयात गेली होती, आणि शेरा मारणे हेच मूळ काम, बाकी सारे त्याचे परिशिष्ट, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. अज्ञान हा गुन्हा नव्हे. पण अज्ञानाला अशी कडक इस्त्री करून मिरवणारा पुरुष विरळाच!

सूनबाई शिवणकाम करीत. एका नाटक मंडळीने त्यांच्याकडून नमुन्यादाखल न्यायाधीशाचा काळा झगा शिवून मागितला होता, आणि मुख्य नट संध्याकाळी तो अंगात घालून पाहणार होते. झगा पसंत पडला तर साऱ्या मंडळीचे कपडे सूनबाईंकडे येणार होते, आणि परक्या दुकानाच्या कोपऱ्यात बसून लोकांच्या पँटी आखूड करणे कायमचे सुटणार होते. झगा जुन्या साध्या मशीनवर शिवून तयार होता. आतल्या कडांचे दोरे सुटू नयेत एवढ्यापुरते ओव्हरलॉक मारायचे राहिले होते.

“आप्पा, मी बटणं घेऊन येते. मशीनला हात लावू नका हं. आधी चिंध्यांवर चालवून बघायचंय.”

“जा गं तू, निर्धास्त जा!”

सूनबाई निर्धास्त गेल्या. त्या घरात नांदूनही त्यांचा माणसांवर विश्वास उरला होता, हे आश्चर्यच.

आप्पांनी प्रथम साहित्याची पिशवी उघडली आणि एकेका वस्तूवर निर्णय दिला. रिळांवर चढवायच्या जाळ्या त्यांनी ‘पॅकिंगचा कचरा’ ठरवून बायकोकडे फेकल्या. सासूबाईंनी त्यांत लसूण भरला. दोरा ओवायचा लांब चिमटा पाहून मात्र ते प्रसन्न झाले.

“बघ, कंपनीला किती कळतं! कानातल्या केसांसाठी चिमटासुद्धा दिलाय!”

“शिवणाच्या मशीनबरोबर?” सासूबाईंनी विचारले.

“शिवणारा माणूस नसतो का? त्याला कान नसतात?”

या युक्तिवादापुढे कोणताही नैयायिक शस्त्र खाली ठेवील.

मशीनमध्ये कारखान्यातूनच चार रंगांचे दोरे ओवून आले होते. त्यांच्या टोकांना आपले दोरे बांधून ओढले की काम फत्ते. आप्पांनी ते चारही दोरे उपटून काढले. “कुणाचे तरी उष्टे दोरे! नव्या वस्तूत असली घाण चालायची नाही.” त्यानंतर सारी दुपार ते मशीनच्या पोटात डोके घालून बसले. बिनजाळीचे दोरे रिळांवरून घसरून खालच्या खुंट्यांना वेटोळे घालू लागले. सासूबाई दर थोड्या वेळाने येत, पाहत आणि जात. अखेर दोरे कसेबसे ओवले गेले, मशीन घुरघुरले, आणि आप्पांना साक्षात्कार झाला.

“चिंधीवर कसली परीक्षा घ्यायची? असल्या मशीनला खरं काम द्यायचं!”

“अहो, झगा नको! ती येईलच इतक्यात.”

“येऊ दे. आयतं तयार मिळेल तिला!”

आता, या मशीनला सुईशेजारी एक पाते असते आणि ते शिवता शिवता कापडाची कड कापत जाते. साध्या मशीनवर चुकलेली शिवण उसवता येते. इथे कापलेले परत येत नाही. पुस्तिकेत हे पहिल्याच पानावर होते. आप्पांची पहिली शिवण नागमोडी आली. त्यांनी ती दुरुस्त करायला पुन्हा आत घेतली. तीही वाकडी. पुन्हा आत. मग डावी बाजू उजवीपेक्षा आत गेल्याचे दिसले, तेव्हा न्यायाधीशाच्या झग्याला शोभेल अशा निष्पक्षपणे त्यांनी उजवीही कापली! खाली काळ्या पट्ट्यांचा ढीग साचत होता.

“अहो, हे काय पडतंय?”

“जास्तीचं कापड. मशीनला बरोबर ओळखता येतं!”

सूनबाई आणि नट दारात एकदमच भेटले. नट भरल्या अंगाचे. त्यांनी उत्साहाने झगा चढवला. तो पोटापाशी अडला तो अडलाच. नटांचा चेहरा उतरला.

“बाई, खरं सांगा. मी सुटलोय ना? बायको रोज सांगते, मी ऐकत नाही.”

सूनबाईंनी पट्ट्यांचा ढीग पाहिला, आप्पांकडे पाहिले, आणि त्यांना सारे उमगले. खरे बोलावे तर काम जाणार. गप्प राहावे तर हा भला माणूस आजपासून उपाशी राहणार.

“नाही हो, म्हणजे त्याचं असं आहे...” त्यांनी सुरुवात केली.

“पण शिवण काय दणकट!” नट खिन्नपणे म्हणाले. “हात कुणाचा?”

“माझा!” आप्पा गरजले. आणि मग कोणी न विचारता त्यांनी संपूर्ण इतिहास कथन केला: पहिली शिवण, तिची दुरुस्ती, दुरुस्तीची दुरुस्ती, उजव्या बाजूला दिलेला समान न्याय. सूनबाईंनी डोळे मिटून घेतले.

“थांबा, थांबा,” नट म्हणाले. “म्हणजे मी जाड झालो नाही?”

“तुम्ही कशाला? झगा बारीक झाला!” आप्पा अभिमानाने म्हणाले.

नटांनी आनंदाने आप्पांना मिठी मारली. त्याबरोबर ती दणकट शिवण टर्रकन काखेपर्यंत उसवली!

“बाई, माप तुमचं बरोबरच होतं तर! झगा पुन्हा शिवा, आणि सगळ्या मंडळीचे कपडेही तुम्हीच करा. अट एकच. मशीन चालू असताना हे गृहस्थ त्या खोलीत नसावेत.”

“लेखी देऊ का?” सासूबाईंनी विचारले.

दुसऱ्या दिवशी खोलीतून मशीनचा एकसुरी आवाज येत होता आणि आप्पा बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते.

“काय आप्पा, आज बाहेर?” शेजारच्या वकिलांनी विचारले.

“मशीन सुरू करून दिलं,” आप्पा म्हणाले. “मुख्य काम तेच. आता नुसतं चालवायचं, ते काय कुणीही चालवेल!”

आतून सासूबाईंनी दाराला कडी घातली.